सरकारी सॉफ्टवेअर का फसतं, आणि त्याची किंमत कोण मोजतं?

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की आपल्या अभ्यासवर्गात संविधान, शिक्षण, कौटुंबिक कायदे हे विषय ठीक आहेत, पण सॉफ्टवेअरचं इथं काय काम? जरा आठवून पाहा. गेल्या वर्षभरात तुमचा सरकारशी संबंध कुठं कुठं आला? शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डाची ई-केवायसी, मतदार यादीतलं नाव, सीईटीची नोंदणी. यात किती वेळा समोर माणूस होता आणि किती वेळा स्क्रीन? आपल्या पिढीपुरतं सरकार म्हणजे बरंचसं पोर्टल झालेलं आहे. कारकुनाशी भांडता येतं, साहेबांना निवेदन देता येतं. पोर्टलपुढे धरणं धरून बसता येत नाही. त्यामुळे हे पोर्टल कसं तयार होतं, ते का बिघडतं आणि बिघडल्यावर कुणाला जबाबदार धरायचं, हे कळणं हा आता नागरिकशास्त्राचाच भाग आहे.

मी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन बाहेर पडलो त्याला बारा वर्षं झाली. सॉफ्टवेअर लिहिणं हीच माझी रोजीरोटी. त्यातली दोन वर्षं एका उपकंत्राटदार कंपनीत, एका सरकारी खात्याच्या प्रकल्पावर गेली. खात्याचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, कारण मी जे पाहिलं ते त्या एका खात्यापुरतं नाही. जगभर हे प्रकल्प जवळपास सारख्याच कारणांनी फसतात.

श्रीमंत देशही सुटले नाहीत

आधी एक गैरसमज दूर करू. ‘आपल्याकडे भ्रष्टाचार आहे म्हणून असं होतं’ असं आपण सहज म्हणतो. भ्रष्टाचार असतो, पण ते एकमेव कारण नाही.

अमेरिकेत आरोग्य विम्यासाठी सरकारनं ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ नावाचं संकेतस्थळ केलं. राष्ट्राध्यक्ष ओबामांची ही सर्वांत महत्त्वाची योजना. १ ऑक्टोबर २०१३ ला संकेतस्थळ सुरू झालं आणि लाखो लोक त्यावर आले. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकले फक्त सहा जण. सहा लाख नाही, सहा हजार नाही, सहा. पैसा कमी नव्हता, हुशार माणसं कमी नव्हती. पण पन्नासहून अधिक कंत्राटदार वेगवेगळे तुकडे बनवत होते आणि ते तुकडे एकत्र बसतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी ज्या सरकारी संस्थेनं स्वतःकडे ठेवली होती, तिच्याकडे तसं काम करण्याचा अनुभव नव्हता. त्यात आणखी एक गोष्ट झाली. विम्याच्या योजना नुसत्या पाहायच्या असल्या तरी आधी खातं उघडणं सक्तीचं होतं. दुकानात शिरण्याआधीच प्रत्येकाला ओळखपत्र दाखवायला लावलं तर रांग दाराबाहेरच लागणार. तसंच झालं.

ब्रिटनचं उदाहरण याहून मोठं आहे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं २००२ मध्ये देशातल्या सगळ्या रुग्णांच्या नोंदी एकाच पद्धतीनं संगणकावर आणण्याचा कार्यक्रम सुरू केला. २०११ मध्ये तो गुंडाळल्याचं जाहीर झालं. खर्च सुमारे दहा अब्ज पौंडांच्या घरात गेला. डॉक्टर आणि नर्स रोज कसं काम करतात हे नीट न विचारता वरून एक आराखडा लादला गेला, ही त्यावरची मुख्य टीका होती.

आता आपल्या घराजवळ येऊ. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं. कल्पना चांगली होती. पण हा बदल एकाच वेळी सगळ्या शाखांना लावला गेला, तोही ऐन परीक्षांच्या तोंडावर. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका होत्या. एका लहान शाखेत वर्षभर वापरून पाहिलं असतं तर अडचणी कळल्या असत्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, उत्तरपत्रिका सापडेनाशा झाल्या. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. त्या वर्षी ज्यांना पुढच्या प्रवेशाला किंवा परदेशी जायचं होतं, त्यांचं वर्ष मात्र कुणी परत दिलं नाही.

त्याच वर्षी आपल्या राज्यात शेतकरी कर्जमाफी ऑनलाइन झाली. जून २०१७ मध्ये ३४,०२२ कोटी रुपयांची आणि ८९ लाख शेतकऱ्यांची घोषणा झाली. दिवाळीच्या आधी प्रमाणपत्रं वाटायची होती. पण शेतकऱ्यांनी भरलेले अर्ज आणि बँकांनी दिलेली माहिती जुळेना. एकच आधार क्रमांक अनेकांच्या नावापुढे निघाला. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. इथं मुसलमान-बिगरमुसलमान हा प्रश्नच नव्हता. रांगेत उभा होता तो शेतकरी.

आतून पाहिलं तर

मग हे होतं कसं? मी जे पाहिलं आणि वाचलं, त्यातून मला चार कारणं दिसतात.

पहिलं कारण म्हणजे टेंडर. रस्ता बांधायचा असेल तर किती किलोमीटर, किती जाडीचं डांबर, हे आधी लिहिता येतं. सॉफ्टवेअरचं तसं नसतं. लोक ते वापरायला लागल्यावरच खरी गरज कळते. पण सरकारी टेंडरमध्ये सगळं आधीच लिहून काढावं लागतं. पाचशे पानांचा दस्तऐवज तयार होतो, तो ज्यानं लिहिला त्यानं आयुष्यात तो अर्ज कधी भरलेला नसतो. मग कमीत कमी बोली लावणाऱ्याला काम मिळतं. आमच्या भाषेत त्याला ‘एल-वन’ म्हणतात. त्यानं बोली कमी लावलेली असते, म्हणून तो काम पुढे उपकंत्राटाला देतो, उपकंत्राटदार अनुभवी माणसं ठेवू शकत नाही, आणि शेवटी दोन महिन्यांपूर्वी कॉलेजातून आलेला मुलगा लाखो लोकांच्या रेशनचा कोड लिहितो. त्या मुलाचा दोष नाही. मीही असाच लिहायला बसलो होतो.

दुसरं कारण, तारीख. खासगी कंपनीत तारीख पुढे गेली तर नुकसान होतं. सरकारात तारीख आधी भाषणात जाहीर होते. पंधरा ऑगस्ट, दिवाळी, निवडणुकीची आचारसंहिता. आमच्या प्रकल्पात चाचणीसाठी सहा आठवडे लिहिले होते. विकासाचं काम लांबलं, उद्‌घाटनाची तारीख हलली नाही, त्यामुळे चाचणीला नऊ दिवस उरले. ज्या त्रुटी त्या नऊ दिवसांत सापडल्या नाहीत, त्या पुढे सेतू केंद्राबाहेर उभ्या असलेल्या लोकांना सापडल्या.

तिसरं कारण, सरकारात स्वतःची माणसं नसणं. प्रकल्प समजणारे अधिकारी असतात, काही फार चांगले असतात. पण त्यांची बदली होते. आमच्याकडे दोन वर्षांत तीन अधिकारी आले. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला पहिल्यापासून समजावायचं. आणि कंत्राटदारानं दिलेला कोड चांगला की वाईट हे तपासू शकेल असा एकही पगारी इंजिनिअर खात्याकडे नव्हता. घर बांधायला ठेकेदार लावला आणि विटा मोजणारं घरचं कुणीच नसलं, तर काय होईल?

चौथं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. या प्रकल्पात पैसे देणारा एक असतो आणि वापरणारा दुसरा. तुम्हाला एखादं खरेदीचं अ‍ॅप आवडलं नाही तर तुम्ही दुसरं वापरता. ती भीती कंपनीला सरळ करते. रेशनसाठी दुसरं पोर्टल नाही. त्यामुळे कंत्राटदार खूश ठेवतो तो खात्याला, आणि खातं खूश ठेवतं ते मंत्रालयाला. वापरणाऱ्या बाईचं मत कुठल्याच बैठकीत येत नाही. ‘डॅशबोर्ड’वर हिरवा रंग दिसला की सगळ्यांचं समाधान होतं. जिचा अर्ज मधेच अडकला, ती त्या डॅशबोर्डवर मोजलीच जात नाही.

नावाचा रकाना

आता तुमच्या-माझ्या जवळचा मुद्दा.

आमच्या अर्जात तीन रकाने होते: पहिलं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. तिन्ही सक्तीचे. टेंडरमध्ये तसं लिहिलं होतं. चाचणी करताना लक्षात आलं की काही आदिवासी पाड्यांवरच्या लोकांच्या कागदांवर आडनाव नाही. आपल्यातही अनेक बायकांच्या जुन्या कागदांवर नुसतं ‘फातिमाबी’ किंवा ‘जैतुनबी’ एवढंच असतं. रकाना ऐच्छिक करायला पाच मिनिटं लागली असती. पण तो टेंडरमधला बदल ठरतो. त्यासाठी पत्र, बैठक, मंजुरी, वाढीव खर्च. ते झालं नाही. मग सेतू केंद्रावरच्या ऑपरेटरनं आपला मार्ग काढला: आडनावाच्या जागी टिंब टाकायचं, किंवा पहिलं नावच पुन्हा लिहायचं. अर्ज पुढे सरकला. वर्षभरानं दुसऱ्या खात्याच्या यादीशी ही माहिती जुळवायला घेतली, तेव्हा टिंब असलेली सगळी नावं ‘विसंगत’ ठरली.

आपल्या नावांकडे जरा बघा. गावातल्या शाळेत गुरुजींनी ऐकलं तसं लिहिलं: महंमद, महमद, मोहम्मद, मोहंमद. मेहबूबचं महेबूब झालं, कुठं मैबू झालं. इंग्रजीत गेलो की ‘शेख’ची किमान चार स्पेलिंगं. मोहम्मदचं संक्षिप्त रूप कुठं चार अक्षरांत, कुठं दोन अक्षरांत. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर मुलीचं मधलं नाव बदललेलं आणि ‘बी’, ‘बानो’, ‘बेगम’, ‘खातून’ कधी आहे, कधी नाही.

माणूस हे वाचतो तेव्हा त्याला लगेच कळतं की व्यक्ती एकच आहे. यंत्राला कळत नाही. त्याला शिकवावं लागतं. त्यासाठी जुन्या पद्धतीही आहेत. ‘साउंडेक्स’ नावाची पद्धत १९१८ मध्ये अमेरिकेत पेटंट झाली. ती नावाच्या उच्चारावरून संकेत तयार करते. शेखच्या चारही इंग्रजी स्पेलिंगना ती एकच संकेत देते, म्हणजे तिथं काम होतं. पण पूर्ण लिहिलेला मोहम्मद आणि संक्षिप्त मोहम्मद यांना ती वेगवेगळे संकेत देते, कारण संक्षिप्त रूपात मधला ‘म’ गळालेला असतो. ती पद्धत अमेरिकन नावं डोळ्यांसमोर ठेवून झाली होती. आपल्या नावांसाठी वेगळे नियम लिहावे लागतील. ते अवघड नाही, दोन-तीन महिन्यांचं काम आहे. पण ‘हे करा’ असं टेंडरमध्ये कुणीतरी लिहायला हवं, आणि ते लिहिणाऱ्यांत या नावांची अडचण माहीत असलेलं कुणीतरी बसलेलं हवं.

हा मी दुष्टपणाचा आरोप करत नाही. त्या बैठकीत कुणीही मुसलमानांना त्रास द्यायचा म्हणून रकाना सक्तीचा केला नव्हता. त्यांना फक्त सुचलं नव्हतं. पण ज्याचा अर्ज अडकतो, त्याच्यासाठी दोन्हीचा परिणाम सारखाच असतो.

यंत्र खरं, माणूस खोटा

इथपर्यंत मी गैरसोयीबद्दल बोललो. आता जे सांगतो ते याहून गंभीर आहे. सॉफ्टवेअर फसलं, आणि ते फसलं हे मान्य करायला सरकारनं नकार दिला, तर काय होतं?

ब्रिटनच्या पोस्ट खात्यानं १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली शाखाशाखांत बसवली. छोट्या पोस्ट शाखा चालवणारे लोक, त्यात भारतीय उपखंडातून गेलेली अनेक कुटुंबं होती, त्यांच्या हिशेबात अचानक तूट दिसायला लागली. खात्यानं सांगितलं, संगणक बरोबर आहे, पैसे तुम्हीच खाल्लेत. अनेकांना हेल्पलाइनवर सांगण्यात आलं की अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. सीमा मिश्रा नावाच्या गर्भवती महिलेला २०१० मध्ये तुरुंगात पाठवलं गेलं. काहींनी जीव दिला. न्यायालयानं प्रणालीत दोष होते हे मान्य केलं ते डिसेंबर २०१९ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

यात एक कायदेशीर गोष्ट होती. ब्रिटनमध्ये पूर्वी संगणकाचा पुरावा द्यायचा तर संगणक नीट चालत होता हे सिद्ध करावं लागे. १९९९ च्या एका कायद्यानं ती अट काढून टाकली. मग संगणक बरोबरच असणार असं गृहीत धरलं गेलं, आणि तो चुकला हे दाखवायचा भार गावातल्या पोस्ट चालवणाऱ्या माणसावर आला. त्याच्याकडे ना कोड, ना नोंदी.

नेदरलँड्समध्ये आणखी पुढची गोष्ट घडली. पालकांना पाळणाघरासाठी सरकारी अनुदान मिळतं. फसवणूक पकडण्यासाठी कर खात्यानं धोका मोजणारी प्रणाली वापरली, आणि नागरिकत्व हा त्यातला एक निकष होता. डच नागरिकत्व नसलेल्या पालकांचे अर्ज जास्त ‘धोक्याचे’ ठरत. दुहेरी नागरिकत्वाच्या नोंदीही खात्यानं बेकायदा साठवून ठेवल्या होत्या. तुर्की आणि मोरोक्कन वंशाच्या अनेक कुटुंबांवर याची कुऱ्हाड पडली. एखादी सही राहिली म्हणून वर्षानुवर्षांचं सगळं अनुदान परत मागितलं गेलं. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली, संसार मोडले. हे प्रकरण इतकं वाढलं की जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान रुटे यांच्या संपूर्ण मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. इथं ‘सुचलं नाही’ म्हणून चालणार नाही. भेदभाव निकष म्हणून लिहिला गेला होता.

आणि आपल्याकडे आसाम. ३१ ऑगस्ट २०१९ ला राष्ट्रीय नागरिक नोंदणीची अंतिम यादी आली. १९ लाख ६ हजार ६५७ लोक बाहेर राहिले. त्यात मुसलमान होते, बंगाली हिंदू होते, गोरखा होते, आदिवासी होते. अर्जदारांच्या जुन्या कागदांवरून वंशावळ जुळवण्याचं काम सॉफ्टवेअरच्या आधारानं झालं. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे ‘कॅग’नं, यावर अहवाल दिला आणि तो डिसेंबर २०२२ मध्ये आसाम विधानसभेत मांडला गेला. त्यात म्हटलं आहे की मूळ सॉफ्टवेअरला २१५ छोटी सॉफ्टवेअर कशीही जोडत नेली, सॉफ्टवेअर विकासाची योग्य प्रक्रिया पाळली नाही, आणि त्यामुळे माहितीत फेरफार होण्याचा धोका राहिला. २८८ कोटींचा प्रकल्प दीड हजार कोटींच्या पुढे गेला. एखाद्याचं नागरिकत्व ठरवणाऱ्या कामाबद्दल हे देशाच्या लेखापरीक्षकांनी लिहिलेलं आहे. हा कुणा आंदोलकाचा आरोप नाही.

झारखंडमध्ये सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची संतोषी कुमारी गेली. आधार जोडलं नाही म्हणून रेशन कार्ड रद्द झालं आणि घरात अन्न नव्हतं, असं कुटुंबीयांनी सांगितलं. सरकारनं मृत्यू भुकेनं झाल्याचं नाकारलं. ती मुलगी मुसलमान नव्हती, दलित होती. म्हणून मी पुन्हा सांगतो, हा प्रश्न फक्त आपला नाही. ज्यांचे कागद कच्चे, ज्यांचे हात कष्टानं झिजून अंगठा उमटत नाही, ज्यांना तालुक्याला दुसऱ्यांदा यायला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, त्या सगळ्यांचा हा प्रश्न आहे.

आपल्या तरुणांमध्ये मला दोन टोकं दिसतात. एक म्हणतो, ‘हे सगळं आपल्याविरुद्ध ठरवून चाललंय.’ दुसरा म्हणतो, ‘छे, तांत्रिक बिघाड आहे, होईल ठीक.’ दोघंही पुढे काहीच करत नाहीत. पहिला चिडून बसतो, दुसरा वाट बघत बसतो. मला वाटतं, प्रत्येक प्रकरणात आधी पुरावा बघावा. मुंबई विद्यापीठात घाई होती. आमच्या नावाच्या रकान्यात अज्ञान होतं. नेदरलँड्समध्ये भेदभाव होता आणि तो कागदपत्रांतून सिद्ध झाला. तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे. सगळ्याला एकच नाव दिलं तर खऱ्या भेदभावाचं प्रकरणही लोक गंभीरपणे घेणार नाहीत.

जे जमलं ते कसं जमलं

सरकारला सॉफ्टवेअर जमतच नाही, असंही नाही. रेल्वेचं आरक्षण पाहा. १९८० च्या दशकाच्या मध्यात दिल्लीत सुरुवात झाली, मग एकेक मोठं शहर जोडलं, आणि सगळी केंद्रं एकमेकांना जोडून देशात कुठूनही कुठलंही तिकीट मिळायला १९९९ उजाडलं. केंद्रं एकमेकांना जोडण्याचं काम रेल्वेच्या स्वतःच्या संस्थेकडे, ‘क्रिस’कडे होतं.  अमेरिकेतलं ते विम्याचं संकेतस्थळही शेवटी सावरलं. बाहेरून एक छोटा अनुभवी गट आणला, रोज सगळ्यांना एका खोलीत बसवून आज काय बिघडलंय तेवढंच विचारलं, आणि मुदत संपेपर्यंत, राज्यांची पोर्टलं धरून, सुमारे ८० लाख लोकांची नोंदणी झाली.

दोन्हींतून निघणारं उत्तर सारखंच आहे. लहान सुरुवात करा. वापरणाऱ्याला बसवून बघा. सरकारकडे स्वतःचे जाणकार ठेवा. आणि जुनी पद्धत लगेच बंद करू नका, नवी बिघडली तर माणसाला मागचा दरवाजा उघडा असू द्या.

मग आपण काय करायचं?

मी इथं फक्त व्यवस्थेला नावं ठेवायला आलो नाही. आपल्या हातात काय आहे ते पाहू.

पहिलं काम घरातलं. या आठवड्यात एका वहीत तक्ता करा. घरातला प्रत्येक माणूस आणि त्याचं नाव जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, पॅन, रेशन कार्ड, मतदार यादी, बँक यात कसं लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवा. फरक दिसेल. गरज पडण्याआधी एकेक दुरुस्त करत जा. विशेषतः आई आणि आजीच्या कागदांकडे बघा, त्यांच्याकडे आपण नेहमी शेवटी बघतो.

दुसरं, नकार तोंडी घेऊ नका. ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे उत्तर नाही. अर्जाची पोच, टोकन क्रमांक, चुकीच्या संदेशाचा तारखेसह फोटो ठेवा. ब्रिटनमधल्या पोस्टवाल्यांनी आपापले कागद जपून ठेवले आणि एकमेकांना शोधून काढलं, म्हणून तर ते न्यायालयात उभे राहू शकले. प्रत्येकाला सांगितलं होतं की तुम्ही एकटेच. ते एकटे नाहीत हे कळल्यावर प्रकरण फिरलं.

तिसरं, कायदा वापरा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क आहे. नाही मिळाली तर पहिलं अपील, दुसरं अपील, त्यापुढे आयोग. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. मला भेटणाऱ्या दहातल्या नऊ तरुणांना हा कायदा माहीत नसतो.

चौथं, माहितीचा अधिकार. आपण आरटीआयमध्ये विचारतो, ‘माझ्या अर्जाचं काय झालं?’ तेही विचारा. पण त्यापुढे जा. या पोर्टलवर आपल्या तालुक्यातून वर्षभरात किती अर्ज आले, किती नाकारले, कुठल्या कारणानं किती नाकारले? अंगठा न जुळल्यानं किती जणांना रेशन मिळालं नाही? कंत्राटात किती तासांत दुरुस्ती करायची अट आहे, आणि ती मोडल्याबद्दल दंड केला का? महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत लिहावा लागतो, शुल्क दहा रुपये, तीस दिवसांत उत्तर. एका माणसाची तक्रार किरकोळ ठरते. कारणांसहित आकडे समोर ठेवले तर अधिकाऱ्यालाही वरती बोलायला आधार मिळतो. चांगले अधिकारी असा आधार शोधतच असतात.

पाचवं, मोहल्ल्यात मदत केंद्र चालवा. शनिवार-रविवार दोन तास, एक लॅपटॉप, दोन मुलं आणि दोन मुली. मुली असायलाच हव्यात, कारण बायका आपल्या कागदांबद्दल त्यांच्याशी मोकळेपणानं बोलतात. जो येईल त्याचा अर्ज भरून द्या, जात-धर्म विचारू नका. आणि काय अडलं त्याची नोंद ठेवा. सहा महिन्यांत तुमच्याकडे त्या पोर्टलबद्दल अशी माहिती जमेल, जी ते बनवणाऱ्या कंपनीकडेही नसते.

शेवटचं, इथं इंजिनिअरिंग, बीसीए, बीएस्सी आयटी करणारे बरेच जण बसले आहेत. परदेशी नोकरी, मोठं पॅकेज यात काही वाईट नाही, मीही नोकरीच करतो. पण तुमच्यापैकी काहींनी तरी सरकारी व्यवस्थेच्या बाजूनं काम करावं. ‘एनआयसी’मध्ये जा, जिल्हा प्रशासनात प्रकल्प समन्वयक म्हणून जा, चाचणी करणाऱ्या संस्थांत जा. ज्या बैठकीत तो आडनावाचा रकाना सक्तीचा ठरतो, त्या बैठकीत एक तरी माणूस असा हवा, की जो म्हणेल, ‘थांबा, माझ्या आजीच्या कागदावर आडनाव नाहीये, तिनं काय करायचं?’ हे वाक्य बोलायला धाडस लागत नाही. तिथं बसलेलं असावं लागतं.

मी खूप वेळ घेतला. आता तुमच्या प्रश्नांसाठी अर्धा तास आहे. कुणाचा अर्ज अडकलेला असेल तर तोही घेऊन या, तो पाहूनच चर्चा सुरू करू.